कळपाची आई कशी निवडावी?

ज्यांच्या घरीं दहा-वीस मेंढ्या आहेत अशा आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस उद्देशून आजचा पाठ लिहिला आहे. मोठ्या वाड्याचा धनगर आपला धंदा आमच्यापेक्षां शतपट चांगला जाणतो. त्यास शिकविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु जेथें मेंढ्या हा मजुरीच्या जोडीचा धंदा आहे, पोरें शाळेंतून आल्यावर त्या चारतात, आणि घरांत आजारपण निघालें किंवा लग्न ठरलें कीं त्यांतलीच एक बाजारांत जाते, तेथें एक चुकीचा मेंढा तीन-चार वर्षांची मिळकत बुडवूं शकतो. शंभरांचा कळप तो धक्का सोसतो. दहांच्या कळपास तो सोसत नाहीं. म्हणून संकर करावा किंवा नाहीं, आणि करावयाचा तर कोणती मेंढी आई म्हणून ठेवावी, या प्रश्नाचा शांतपणें विचार होणें अगत्याचें आहे.

बहुतेक लोक या विचाराचा आरंभ मेंढ्यापासून, म्हणजे नरापासून, करतात. २०२० सालीं सांगली जिल्ह्यांतील आटपाडीच्या बाजारांत माडग्याळ जातीच्या एका मेंढ्यास ७० लाख रुपयांची मागणी आली आणि तरीही मालकानें तो दिला नाहीं, ही बातमी वर्तमानपत्रांतून गाजली. ती वाचून, आपल्या आठ मेंढ्यांसही तसाच उंच, बांकदार नाकाचा नर आणावा असें ज्याच्या मनांत आलें नाहीं असा मेंढीवाला विरळाच. मोह स्वाभाविक आहे. पण कोकराच्या अंगीं निम्मे गुण बापाचे येतात हें खरें असलें, तरी पांच महिने त्यास पोटांत वागविणें, विल्याबरोबर चाटून उभें करणें, तीन महिने दूध पाजणें आणि तें दूध रोज रानोमाळ हिंडून कमावणें, हीं सर्व कामें एकट्या मेंढीचीं आहेत. मेंढ्याचें काम वर्षांतून चार-सहा आठवड्यांचें. मेंढीचें बारा महिन्यांचें. तेव्हां आमचें सांगणें असें कीं, आधीं आई ठरवावी आणि मग तिला साजेल असा नर पाहावा.

आई म्हणून चांगली मेंढी कोणती? जी दर वर्षीं न चुकतां फळते, जिला वितांना कोणाच्या हाताची गरज लागत नाहीं, जिच्या कासेंत कोकरूं तृप्त होण्याइतकें दूध असतें, जी आपलें कोकरूं ओळखते व दुसऱ्या मेंढीच्या गडबडींत तें टाकून जात नाहीं, आणि जी उन्हाळ्याच्या चाऱ्यावर जीव धरून राहते, ती चांगली. ह्यांत अंगाचा मोठेपणा आम्हीं मुद्दामच सांगितला नाहीं. मेंढी जितकी मोठी तितकें तिचें नुसतें जगण्याचेंच खाणें अधिक. २८ किलोच्या मेंढीपेक्षां ४० किलोच्या मेंढीस सुमारें तिसऱ्या हिश्श्यानें जास्त चारा लागतो, मग ती त्या वर्षीं विवो अथवा वांझ राहो. तिचें कोकरूंही त्याच मानानें वजनदार निघालें, तरच हिशेब सारखा होतो. ज्याचें स्वतःचें रान नाहीं, बांधाबांधावरचें गवत व बाभळीच्या शेंगा हाच ज्याचा आधार, त्यानें हा हिशेब विसरूं नये.

दोन निरनिराळ्या कामांसाठीं दोन निरनिराळे नर लागतात, ही गोष्ट इंग्लंडांतील मेंढीवाल्यांनीं फार चांगली ओळखली आहे. त्या देशाच्या उत्तरेस उघड्या, थंड डोंगरांवर स्वेलडेल नांवाची काटक मेंढी असते. डोंगरावरचा शेतकरी तिला ब्ल्यूफेस्ड लेस्टर ह्या जातीचा नर दाखवितो. ही जात जुळीं देण्याविषयीं व दुधाविषयीं प्रसिद्ध आहे. त्यांच्या लेकींस तेथें म्यूल, म्हणजे खेचर, म्हणतात. नांव खेचराचें असलें तरी त्या वांझ मात्र नसतात, उलट आईपणांत त्यांचा हात धरणारी मेंढी त्या देशांत क्वचितच सांपडेल. काटकपणा आईकडचा आणि दूध व जुळीं बापाकडचीं. ह्या लेकी सपाटीवरील शेतकरी विकत घेतो व त्यांस सफोक किंवा टेक्सेल अशा मांसल जातीचा नर लावतो. त्यांपासून झालेलीं कोकरें, नर असोत कीं माद्या, बहुतेक खाटकाकडे जातात. त्यांतील माद्या सहसा आई म्हणून ठेवीत नाहींत. पहिला नर आया घडविण्यासाठीं, दुसरा बाजारासाठीं. आमच्याकडे होतें असें कीं, बाजारासाठीं आणलेल्या नराच्या लेकीच आम्ही आया म्हणून ठेवतों, आणि तीन वर्षांनीं दूध कां आटलें म्हणून कपाळाला हात लावतों.

त्या देशांत हीं कामें वेगवेगळे शेतकरी वाटून घेतात. दहा मेंढ्यांच्या घरीं सगळींच करूं पाहणें व्यर्थ होय. शुद्ध जात राखावयाची, संकरही करावयाचा आणि वर मांसाचीं कोकरेंही काढावयाचीं, इतका पसारा एवढ्याशा कळपांत मावत नाहीं. म्हणून लहान कळपवाल्यानें आपली मूळची मेंढी न विकतां ठेवावी, आणि बाहेरचा जो गुण हवा असेल तो फक्त नराच्या द्वारें आणावा. परक्या जातीच्या माद्या विकत आणून कळप बदलूं नये. नर एक असतो. तो न मानवला तर विकून टाकतां येतो. दहा माद्या न मानवल्या तर घर बसतें.

आतां आपली मूळची मेंढी ती कोणती? महाराष्ट्राच्या पठारावर ती दख्खनी होय. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी हे तिचेच प्रकार. बहुधा काळ्या रंगाची, राठ लोंकरीची, अंगानें मध्यम, मोठी झालेली मेंढी २५ ते ३० किलोंच्या आसपास भरते. दिवाळीनंतर कोंकणांत उतरून पावसाच्या तोंडाशीं पुन्हां घाट चढणारी जात ती हीच. चालण्यांत, तहान सोसण्यांत आणि रोडक्या चाऱ्यावर कोकरूं जगविण्यांत तिची बरोबरी करणारी परदेशी मेंढी आम्हांस ठाऊक नाहीं. तिचा उणेपणा एकच व तो मोठा: ती एका वेतास एकच कोकरूं देते. शंभर वेतांत जुळीं हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं.

हा उणेपणा सोडून भलताच गुण सुधारण्याच्या मागें लागल्यानें काय झालें, तेंही सांगितलें पाहिजे. गेल्या शतकांत मऊ लोंकर मिळावी म्हणून सरकारी क्षेत्रांवर दख्खनी मेंढीचा मेरिनो व रांबुए ह्या परदेशी जातींशीं संकर करण्यांत आला. लोंकर मऊ झाली खरी. पण घोंगडीस काळी, राठ लोंकर लागते, ती गेली. आणि पाऊस, चिखल व शेंकडों कोसांची चाल हें त्या मऊ लोंकरीच्या जातीचें जीवन नव्हे. आज तर लोंकरीस इतका थोडा भाव आहे कीं कातरण्याची मजुरीही सुटत नाहीं आणि पुष्कळ ठिकाणीं ती फेंकून द्यावी लागते. मेंढीवाल्याचा पैसा आज कोकराच्या मांसांत व शेतांत बसविलेल्या कळपाच्या लेंडीखतांत आहे. जो गुण विकला जात नाहीं त्यासाठीं आई बदलणें हा शहाणपणा नव्हे.

माडग्याळ मेंढीविषयीं वाचक विचारतील. जत तालुक्यांतील माडग्याळ गांवावरून तिचें नांव पडलें. लांब, उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपक्यांची, आणि झपाट्यानें वाढणारी अशी ती जात आहे. ज्याच्यापाशीं मका, कडबा व पेंड आहे त्यानें ती अवश्य पाळावी. पण लहान अंगाच्या दख्खनी मेंढीस, त्यांतही पहिलारू मेंढीस, थोराड नर दाखवूं नये. कोकरूं पोटांत मोठें होतें, वितांना अडतें, आणि पुष्कळदां दोन्ही जीव जातात. पहिल्या वेतास घरच्याच जातीचा बेताच्या अंगाचा नर असावा. दोन-तीन वेतें झालेल्या, रुंद कंबरेच्या मेंढ्यांस मोठा नर दाखविल्यास हरकत नाहीं. मात्र तीं कोकरें बाजारचीं समजावीं. म्हैसूरच्या बाजूच्या बन्नूर मेंढीविषयींही हेंच. ती ठेंगणी, गोटीबंद, मागच्या अंगानें भरदार असते व तिचें मांस नांवाजलेलें आहे. नर म्हणून ती बाजाराच्या कोकरांस उपयोगी.

मग एकाचीं दोन कोकरें व्हावीं ह्याला उपाय काय? ह्याचें उत्तर आपल्याच देशांत, पण फार दूर, सांपडलें. बंगालच्या दक्षिणेस सुंदरबनच्या खाऱ्या दलदलींत गारोल नांवाची एक चिमुकली मेंढी आहे. पूर्ण वाढलेल्या मेंढीचें वजन १२-१४ किलोंच्या आसपास. जन्मलेलें कोकरूं किलोभराच्या पुढें-मागें. गुडघाभर पाण्यांत उभी राहून ती गवत खाते. आमचा धनगर तिला पाहून हंसेल. पण ती जुळीं देते, आणि तिळीं देणेंही तिला नवीन नाहीं.

ह्या मेंढीची एक विलक्षण हकीकत आहे. ऑस्ट्रेलियांत न्यू साउथ वेल्स प्रांतीं बुरूला नांवाच्या शेतावर मेरिनो मेंढ्यांचा एक कळप होता; त्या मेंढ्या दोन-दोन, तीन-तीन, कधीं त्याहूनही अधिक कोकरें देत. शोध करतां असें दिसलें कीं हा सारा प्रताप एकाच जनुकाचा आहे. जनुक म्हणजे आईबापांकडून पोरांत उतरणारा, रक्तामांसांत लिहिलेला एक बारीक लेख असें समजावें. प्रत्येक गुणाच्या लेखाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक बापाकडची. ह्या जनुकास फेकबी असें नांव पडलें आणि २००१ सालीं त्याचें नेमकें स्थान उमगलें. पुढें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें कीं तोच लेख, अक्षरशः तोच, सुंदरबनच्या गारोल मेंढींत आहे. १७९२ व १७९३ सालीं कलकत्त्याहून जहाजांनीं न्यू साउथ वेल्सला मेंढ्या गेल्या होत्या. त्यांच्याबरोबरच हा गुण समुद्रापार गेला असें अभ्यासक मानतात. ज्या ठेंगण्या मेंढीस कोणी मोल देत नव्हतें, तिच्या रक्तानें दुसऱ्या खंडांतील कळप दुप्पट केले.

सातारा जिल्ह्यांत फलटण येथें निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. ह्या संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत गारोल मेंढ्या फलटणास आणल्या आणि दख्खनी मेंढीशीं त्यांचा संकर आरंभिला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची व ऑस्ट्रेलियांतील विद्यापीठांची त्यांस जोड मिळाली. पहिल्या संकराचीं पिलें अर्थातच लहान निघालीं. गारोलचें निम्में रक्त म्हणजे निम्मा ठेंगणेपणा. म्हणून त्यांनीं त्या पिलांचा पुन्हां पुन्हां मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशीं संकर केला, आणि दर पिढींत रक्त तपासून ज्यांत फेकबी उतरला आहे तेवढींच पुढें चालविलीं. अशा रीतीनें गारोलचें अंग मागें पडलें व गुण तेवढा राहिला. ह्या नव्या प्रकारास त्यांनीं नारी सुवर्णा असें नांव दिलें, आणि फलटणच्या आसपासच्या मेंढपाळांच्या चालत्या कळपांतही त्याचा अनुभव पाहिला. प्रयोगशाळेच्या ओट्यावर वाढलेली मेंढी आणि माळावर वाढलेली मेंढी ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर असतें, म्हणून ही दुसरी गोष्ट आम्हांस पहिलीपेक्षां महत्त्वाची वाटते.

ह्या जनुकाचा हिशेब समजण्यास कठीण नाहीं आणि तो समजल्यावांचून असा नर घेऊं नये. ज्या मेंढ्याच्या दोन्ही प्रतींत फेकबी आहे तो साध्या मेंढीस दाखविला तर त्याच्या प्रत्येक लेकीस एक प्रत मिळते. एक प्रत असलेली मेंढी सरासरीनें दीड कोकरांच्या जवळपास देते, म्हणजे एका वेतास एक तर दुसऱ्यास जुळें असें समजावें. मेंढ्यापाशीं एकच प्रत असेल तर त्याच्या निम्म्याच लेकींस ती मिळेल, आणि कोणत्या निम्म्या हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. रक्त तपासावें लागतें किंवा दोन-तीन वेतें थांबावें लागतें. आतां पुढची पायरी, जेथें लोक फसतात. एक प्रतीच्या लेकींस पुन्हां दोन प्रतींचा नर दाखविला तर निम्म्या नातींस दोन प्रती मिळतात, आणि तिळ्यांची भीति वाढते. दोन सडांच्या मेंढीस तिळीं म्हणजे आशीर्वाद नव्हे. तेव्हां लेकी वयांत आल्यावर दुसरा नर साधा, दुधाळ आईचा दख्खनीच आणावा.

पण थांबा. जुळीं म्हणजे नफाच असें मानूं नये. एक कल्पित हिशेब करून पाहूं. एका घरीं दहा साध्या दख्खनी मेंढ्या आहेत; नऊ विल्या, एक कोकरूं मेलें, आठ उरलीं. दोन म्हाताऱ्या मेंढ्यांच्या जागीं दोन माद्या घरीं ठेवल्या. विक्रीस सहा राहिलीं. त्याच दहा मेंढ्या एक प्रतीच्या असत्या तर नऊ वेतांत तेरा-चौदा कोकरें झालीं असतीं. जुळ्यांत मर अधिक. तीन गेलीं असें धरूं. दोन घरीं ठेवून विक्रीस आठ-नऊ. प्रत्येकाचें वजन एकट्या वाढलेल्या कोकरापेक्षां कमी, म्हणून भावही कमी. त्यांतून मेंढीच्या खुराकाचा खर्च वजा करा. लाभ आहे, पण ऐकणाऱ्यास वाटतो तितका नाहीं. आणि हयगयीनें तीनाऐवजीं सहा मेलीं, तर विक्रीस पांच-सहाच उरतील. सारा खटाटोप फुकट, मेंढ्या मात्र हाडकून गेलेल्या.

ह्यावरून दिसेल कीं आईची निवड ही घरांतल्या खुराकाची व मनुष्यबळाचीही निवड आहे. मेंढी गाभण असते पांच महिने, परंतु कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटांत दोन असतील तर जागा चाऱ्याला उरत नाहीं आणि गरज दुप्पट होते. त्या वेळीं रोज पाव किलोभर भरडा किंवा पेंड मिळाली नाहीं तर मेंढी गळते, खाणें टाकते, आंधळ्यासारखी उभी राहते व मरते. जिच्या घरीं विण्याच्या दिवसांत कोणी नाहीं, सकाळींच सर्व माणसें ऊसतोडीस जातात, त्या बाईनें जुळ्यांच्या मागें लागूं नये असें आम्हांस स्पष्ट वाटतें. कोकरूं जन्मल्यापासून पहिल्या कांहीं तासांत दोघांच्याही पोटांत चीक गेला पाहिजे. थोरलें दांडगाईनें पितें व धाकटें कोपऱ्यांत कुडकुडतें. कोणीतरी त्यास हातानें सडाला लावावें लागतें. हें काम बहुधा घरच्या बाईच्याच वांट्यास येतें, म्हणून नराची निवड करतांना तिला विचारावें; बाजारांत जाणारा पुरुष एकटाच ठरवून येतो हें बरें नव्हे. गीतरत्नांत शुभ्र दांतांस जुळीं देणाऱ्या मेंढ्यांची उपमा आहे. पण त्या मेंढ्यांमागें राबणाऱ्या हातांचा तेथें उल्लेख नाहीं. याकोबास मात्र तें पक्कें ठाऊक होतें. एसावाबरोबर वेगानें चालण्यास त्यानें नाकारलें तें ह्याच कारणानें कीं कळपांत पाजत्या मेंढ्या होत्या, आणि एक दिवस फार हांकल्या तर त्या मरतील.

खुराक व माणूस दोन्ही नसतील तर साधी दख्खनी मेंढी साध्या दख्खनी नरास दाखवून चांगल्या चांगल्या निवडीत जाणें हाच उत्तम मार्ग, व त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. आणि ज्यास दूध व जुळीं दोन्ही हवीं आहेत त्यानें आपला हट्ट सोडून उस्मानाबादी शेळीच पाळावी.

संकराविषयीं आणखी एक सावधगिरी. दोन भिन्न जातींची पहिली पिढी नेहमींच तजेलदार दिसते. कोकरें चपळ, मर कमी, वाढ बरी. हा जोम भिन्न रक्तांच्या मिलनाचा असतो. परंतु त्याच संकरित भावंडांचा आपसांत संकर केला कीं पुढच्या पिढींत तो जोम निम्म्यावर येतो, आणि कोकरें कोणी आजोबासारखें, कोणी आजीसारखें, अशीं वेडींवांकडीं निघतात. घरच्या संकरित कोकरांतून सर्वांत गोंडस नर राखून ठेवण्याची जी चाल आहे ती ह्यास्तव घातक होय. शिवाय तो आपल्या आईस व बहिणींस लागतो. लहान कळपांत ही गोष्ट न कळत घडते. नर दोन वर्षांनीं बदललाच पाहिजे, कारण तोंवर त्याच्या लेकी वयांत येतात.

ठरवलेल्या जातींतून एकेक मेंढी पारखतांना काय पाहावें? दांत उघडून पाहावे. चार किंवा सहा दांती मेंढी ऐन उमेदीची, झिजलेल्या दांतांची नको. कास हातानें चांचपून पाहावी. गांठ लागली किंवा एक सड आंधळा निघाला तर ती मेंढी कितीही देखणी असो, फुकट मिळाली तरी घेऊं नये. खूर, डोळे व चाल पाहावी. पण ह्या सर्वांपेक्षां मोठी गोष्ट ही कीं, ती मेंढी मागच्या तीन वर्षांत किती कोकरें विली व त्यांतलीं किती दूध तोडेपर्यंत जगलीं, हें विचारावें. एखादे वेळीं जुळें दिलें म्हणून भुलूं नये. साध्या मेंढ्यांत जुळें देण्याचा गुण वंशांत फार थोडा उतरतो, शंभरांत दहा हिश्श्यांच्या आसपास. बाकीचें खाण्यापिण्यानें व योगायोगानें घडतें. फेकबीची गोष्ट वेगळी, कारण तो एकच जनुक एवढें मोठें काम करतो.

आणि नर घेतांना त्याची आई पाहावी. हें वाक्य आमच्या वाचकांनीं गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावें असें वाटतें. नराच्या अंगीं दूध दिसत नाहीं, पण त्याच्या लेकींच्या कासेंत जें दूध येणार त्याचा निम्मा वारसा त्याच्याकडून, आणि त्यांतला निम्मा त्याच्या आईकडून, येतो. बाजारांत उभा असलेला नर आपली आई सांगूं शकत नाहीं. म्हणून तो बाजारांतून न घेतां ओळखीच्या कळपांतून, आई समोर उभी असतांना, घ्यावा. फेकबीचा नर असेल तर रक्ततपासणीचा कागद मागावा. दोन प्रती आहेत कीं एक, हें त्यावर लिहिलेलें असतें. तोंडी शब्दावर पैसे मोजूं नयेत.

येथें आमच्या उपदेशक बंधूंस एक सूचना करावीशी वाटते. मेंढीवाल्यांस लिहितां येतेंच असें नाहीं, तुम्हांस येतें. एक वही घ्या, प्रत्येक मेंढीच्या कानाला खूण किंवा क्रमांक द्या, आणि तिच्या नांवापुढें विण्याची तारीख, कोकरें किती, जगलीं किती, नर कोणता, एवढेंच लिहा. तीन वर्षांत ती वही कोणाही व्यापाऱ्यापेक्षां जास्त खरें बोलेल. अडीअडचणींत मेंढी विकावीच लागते. पण वही असली म्हणजे कोणती विकावी हें कळतें. वही नसली कीं व्यापारी जिला जास्त पैसे देतो तीच जाते, आणि जास्त पैसे मिळतात ते नेहमीं उत्तम आईलाच.

एका नरास पंचवीस-तीस मेंढ्या सहज पुरतात. दहा मेंढ्यांसाठीं एकट्यानें चांगला नर घेणें परवडत नाहीं, म्हणून लोक वाटेल तो घेतात. तीन-चार घरांनीं मिळून एक नर घ्यावा, त्याचा खुराक पाळीपाळीनें द्यावा, आणि दोन वर्षांनीं शेजारच्या गांवच्या मंडळीशीं अदलाबदल करावी. ह्यांत भांडणें होतात हें आम्हांस ठाऊक आहे. बहुधा तीं खुराकावरून होतात. नर घेण्यापूर्वींच कोणाकडे किती दिवस व काय खाणें हें लिहून ठेवल्यास पुष्कळ वाद टळतील.

पठारावर पहिल्या पावसाचें हिरवें गवत मिळालें कीं मेंढ्या माजावर येतात आणि दिवाळीच्या पुढें-मागें विऊं लागतात. तेव्हां नर ज्येष्ठाच्या आधीं घरीं आलेला असावा. आल्याबरोबर त्यास कळपांत सोडूं नये. तीन आठवडे वेगळा बांधावा, जंताचें औषध द्यावें, खूर कापावे, आणि पशुवैद्यास दाखवून, मेंढ्या गाभडविणाऱ्या सांसर्गिक रोगाची रक्ततपासणी करून घ्यावी. त्या तीन आठवड्यांत तो नव्या पाण्यासही रुळतो. माज दर सतरा दिवसांच्या सुमारास फिरून येतो; म्हणून नर सहा आठवडे कळपांत ठेवला तर दोनदां संधि मिळते. छातीस गेरू लावून सोडावा, म्हणजे कोणती मेंढी लागली हें तिच्या पाठीवर दिसेल व तें त्याच दिवशीं वहींत लिहितां येईल.